घट्ट बसवलेलं चाक

हुपरीच्या एसटीत माझ्या पुढं नवरा-बायको बसलेली. नवऱ्याच्या मांडीवर रिमोटची खेळण्यातली गाडी.

“माझ्या भावानं मस्कतवरनं भंगार आणलं, असं चार पावण्यांत म्हणालासा.”

“व्हय.”

“आमचा गैबी भरल्या ताटावरनं उठून गेला.”

“काल ही गाडी खोलून बघितली. जोरात पळावी म्हणून मोटरवरचं दातेरी चाक मीच बदललंतं. मोठ्या चाकाला लई घट्ट भिडवलं, म्हणून मोटर जळली.”

“मग त्येला सांगा की तसं.”

“तू सांग.”

“मला त्वांड कुठं हाय? त्या दिवशी मीबी हसले.”

“हुपरी आली. इथं नको, पुढल्या थांब्यावर उतरू.”

“त्यो बघा गैबी. आपल्याला न्यायला सायकल घिऊन आलाय.”

“मला बघितलं त्येनं?”

“हात करायलाय. उठा.”