‘राहू दे’ फोल्डरमधला फोटो

मागे आवाज पोचतोय ना? बरं.

नीलावहिनी, आणि इथे जमलेले तुम्ही सगळे. शनिवार पेठेतले शेजारी आहेत, दादांनी ज्यांची लग्नं टिपली ती जोडपी आहेत, फोटोग्राफर मंडळी आहेत. वारज्याहून आप्पा आणि त्यांची ऋतुजा आलेत. एवढी ओळखीची माणसं एका हॉलमध्ये आणि कुणाच्याच गळ्यात कॅमेरा नाही, हे मी पहिल्यांदा बघतेय.

मी मेधा. सुहासदादांच्या स्टुडिओत नऊ वर्षं आहे. फोटो ते काढायचे. त्यानंतरचं सगळं, म्हणजे निवडणं, रंग बघणं, अल्बम लावणं, लोकांना पाठवणं, हे मी करायचे. मला बोलायचा संकोच वगैरे नाही. दादा म्हणायचे, “मेधाला म्यूट करायचं बटण कुठल्या ॲपमध्ये मिळतं, तेवढं बघून ठेवा.” पण आज कुठून सुरू करायचं ते कळत नाहीये. बारा दिवस झाले. दादा सकाळी घरी, बॅटऱ्या चार्जिंगला लावता लावता गेले. मला अजून रडू आलेलं नाही. सांगायला लाज वाटते, पण नाही आलं. रोज स्टुडिओत जाते, कुलूप काढते, कॉम्प्युटर लावते आणि बसते. हात काम करतात. बाकी काही आत पोचत नाही.

तुम्ही आल्यापासून त्या फोटोकडे बघताय. हाराच्या मागे दादांचे डोळे मिटलेले आहेत. दोघातिघांनी मला दारातच गाठून विचारलं, अहो, दुसरा नव्हता का? नव्हता. हा कुठून आला, ते सांगते. आणि त्याच्या मागोमाग आणखी एक सांगायचं आहे. ते सांगितल्याशिवाय मी माईक सोडणार नाही, असं ठरवून आलेय.

दादांना ॲप्सचा वैताग होता, असं लोक म्हणतात. खोटं आहे. त्यांना वैताग माझा होता. ते तारखा डायरीत लिहायचे आणि एकदा एकाच मुहूर्ताला दोन मुंजी घेऊन बसले, म्हणून मी फोनवर कॅलेंडर लावून दिलं. मग बॅकअप. एक डिस्क स्टुडिओत, एक घरी, एक कॉपी क्लाउडवर. त्यांनी विचारलं, क्लाउड म्हणजे नक्की कुठे? मी म्हटलं, कुठेतरी परदेशात, दादा. म्हणाले, “म्हणजे कसब्यातलं बारसं परदेशात जाऊन आलं. मी अजून गेलेलो नाही.” एकदा पासवर्ड विसरले, तेव्हा स्क्रीनवर आलं, तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा. दुचाक्या कुठल्या चौकोनात आहेत ते ओळखायचं होतं. खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “स्टुडिओ माझा, आणि मी माणूस आहे याचा दाखला मीच द्यायचा? पुण्यात राहतो म्हणावं. दुचाकी ओळखतो.”

हसलात तरी चालेल. मीही तेव्हा हसले होते.

काम चालू असताना ते फोन घ्यायचे नाहीत. म्हणून मेसेजला आपोआप उत्तर जाईल, अशी सोय केली. शब्द त्यांचेच. ‘नमस्कार. सध्या कामात आहे. मोकळा झालो की मीच फोन करतो.’ ती सोय अजून चालू आहे. ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सवयीने त्यांना मेसेज केला, गुरुवारच्या अल्बमला कव्हर कुठलं लावू? लगेच उत्तर आलं. मोकळा झालो की मीच फोन करतो. मी फोन उलटा ठेवला आणि चहा टाकला. दोन कप टाकला.

आता फोल्डर. एका लग्नात चारेक हजार फोटो निघतात. त्यातले पाच-सहाशे द्यायचे, बाकीचे बाद. हललेले बाद, तोंडात घास असलेले बाद, डोळे मिटलेले बाद. इथले फोटोग्राफर सांगतील, बाद झालेले आपण उडवून टाकतो, नाहीतर डिस्क पुरत नाही. दादा उडवायचे नाहीत. त्यांनी एक फोल्डर केलं होतं आणि त्याला नाव दिलं होतं, ‘राहू दे’. कारण मी म्हणायचे, दादा, जागा संपली, उडवूया. ते म्हणायचे, राहू दे. मी म्हणायचे, अहो, हे कोण बघणार आहे पुन्हा? राहू दे. नऊ वर्षं आमचं एवढं एकच भांडण. दर लग्नाला तेच.

मागच्या वर्षी मी निवड करणारं सॉफ्टवेअर आणलं. ते चेहरे ओळखतं, हललेले फोटो बाजूला काढतं, मिटलेले डोळे बाजूला काढतं. आमचं तीन दिवसांचं काम, चहा होईपर्यंत. पहिलंच लग्न आलं ते वारज्याचं, ऋतुजाचं. दादांनी विचारलं, मिटलेल्या डोळ्यांचं किती कडक ठेवलंयस? मी म्हटलं, एकदम कडक. ते म्हणाले, “पाठवायच्या आधी एकदा नजर टाक हं.” मी म्हटलं, टाकते की.

नाही टाकली. पाच-सहाशे फोटो छान निघाले होते. मी लिंक पाठवून दिली.

आप्पा, तुमच्याबद्दल बोलतेय, बोलू ना? ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आप्पा ऋतुजाचे वडील. त्यांना दिसत नाही, आणि ते डोळे मिटलेलेच ठेवतात. सॉफ्टवेअरला काय कळणार? त्याने हळदीपासून पाठवणीपर्यंत, आप्पा ज्या ज्या फोटोत होते, तो प्रत्येक फोटो बाद केला. कन्यादानाचासुद्धा. वारज्यात सगळी भावकी मोबाइलवर फोटो बघत बसली होती आणि भरल्या घरात कुणीतरी विचारलं, आप्पा कुठायत? मुलीच्या लग्नात बाप नाही. आणि आप्पा तिथेच बसले होते, ऐकत.

ऋतुजाचा फोन आला, तसे दादा उठले. त्यांनी ‘राहू दे’ उघडलं. त्यात सगळे होते, एक्केचाळीस फोटो. ते लॅपटॉपवर घेतले आणि आम्ही दोघं स्कूटरवर वारज्याला गेलो. आप्पा ओट्यावर बसले होते. म्हणाले, “सायेब, मला काय दिसत न्हाय. पर बाकीच्यास्नी दिसतंय न्हवं?” दादांनी हात जोडले. मग लक्षात आलं असावं, म्हणून तोंडाने म्हणाले, “आप्पा, चूक माझी आहे. निवड माझी होती.”

मी शेजारीच होते. त्यांच्या घरचा चहा माझ्या हातात होता. मी काही बोलले नाही.

मग दादा ओट्यावर मांडी घालून बसले आणि त्यांनी आप्पांना एकेक फोटो सांगितला. सगळे एक्केचाळीस. हा हळदीचा, तुमच्या कानाला हळद लागलीय, पुसायची राहिलीय. इथे ऋतुजा वाकलीय, तुमचा हात तिच्या डोक्यावर आहे आणि मुंडावळीत बोट अडकलंय. इथे तुमचा फेटा डावीकडे कललाय, पण कुणी सांगितलेलं दिसत नाही. आप्पा मध्येच विचारायचे, “पोरगी कशी दिसती हाय?” दादा नीट बघायचे आणि मग सांगायचे. उगाच देखणी, सुंदर वगैरे नाही. “दमलीय. पण हसतेय.” नऊ वर्षं मी फोटो निवडतेय. फोटो कसा बघायचा, हे मला त्या ओट्यावर कळलं.

निघताना आप्पा एवढंच म्हणाले, “तुमच्यावानी मानूस, आन् असं इसरला?” दादा म्हणाले, “झालं खरं.” त्यानंतर त्या भावकीतली दोन लग्नं दुसऱ्या फोटोग्राफरकडे गेली. कुणी विचारलं तर दादा म्हणायचे, माझ्या हातून एक माणूस सुटला. मी तिथेच बसलेली असायचे, कॉम्प्युटरसमोर.

त्या दिवशी परत येताना सिग्नलला मी मागून म्हटलं, दादा, मी सांगायला हवं होतं. हेल्मेटमधूनच म्हणाले, “राहू दे.” सिग्नल सुटला. मला वाटलं, सुटले बुवा. खरं सांगते, बरं वाटलं होतं मला. मग वर्षभर शेजारी बसून काम केलं आणि मी तो विषय पुन्हा काढला नाही. उद्या काढू, परवा काढू.

आता हा फोटो. वहिनी म्हणाल्या, सभेसाठी यांचा एक चांगलासा फोटो दे. मी म्हटलं, देते की. लाखो फोटो असतील आमच्याकडे. चेहऱ्यावरून शोधायला लावलं. निवडलेल्या फोटोंमध्ये दादांचा एक नाही. एकही नाही. मग ‘राहू दे’मध्ये शोधलं. जे उडवा, उडवा म्हणून मी नऊ वर्षं मागे लागले होते, त्यात सतरा निघाले. कधीमधी मी मदतीला जायचे, तेव्हा मांडवात लाइट बघायचा असला की नवरदेवाच्या जागी दादा उभे राहायचे आणि मी बटण दाबायचे. आणि फ्लॅश उडाला की हा माणूस डोळे मिटायचा. सतराच्या सतरा वेळा. अख्ख्या पुण्याला ‘डोळे उघडे ठेवा हं’ म्हणून सांगणारा माणूस. सॉफ्टवेअरने त्या चेहऱ्याखाली विचारलं होतं, हे कोण आहेत? नाव द्या. मी नाव टाइप केलं.

मग मला जे येतं ते मी केलं. कॉम्प्युटरवर फोटोतले डोळे उघडले. हल्ली दोन मिनिटांत होतं ते. वहिनींना नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “हे कोण गं?” मी म्हटलं, वहिनी, मग मिटलेल्या डोळ्यांचाच लावायचा का? लोक काय म्हणतील? वहिनी म्हणाल्या, “राहू दे.” त्यांना त्या फोल्डरचं काही माहीत नव्हतं. आत्ता कळतंय त्यांना.

म्हणून, आप्पा. दादा तुम्हाला विसरले नव्हते. त्यांनी तुमचे एक्केचाळीस फोटो काढले होते. गाळलं ते मी. सॉफ्टवेअर मी आणलं, सेटिंग मी लावलं, नजर टाकते म्हणून कबूल केलं आणि टाकली नाही, तीही मीच. आणि तुमच्या ओट्यावर तुमचा चहा पीत, माझी चूक दुसऱ्याला घेऊ दिली. हे दादा समोर असताना बोलायला हवं होतं. मी घाबरले. दुसरं काही कारण नाही. माफ करा.

नाही, उठू नका, आप्पा. ऋतुजा, बसव त्यांना. मी येते तुमच्याकडे, हे झालं की येते. तुम्हाला जे बोलायचं ते बोला, चार शिव्या द्या, मी ऐकून घेईन. फक्त ‘राहू दे’ म्हणू नका. ते मला एकदा मिळालंय.

आता आपण दोन मिनिटं उभे राहूया. मोबाइल बंद करा. दादांचा फोन वहिनींच्या पर्समध्ये चालू आहे, तो तसाच असू दे. आप्पा, तुम्ही बसूनच राहा. बाकी आपण सगळे डोळे मिटूया.

दादा, नमस्कार करते.