ताईची खूण

ताई : बोट घाल आत. घाबरतोस काय, चावत नाही.

धाकटा : ताई, मला कळतं गं काम.

ताई : कळतं ना? मग टर्बोचा हा दांडा हलव आणि सांग.

धाकटा : हलतोय.

ताई : नुसता हलत नाही, खुळखुळ्यासारखा वाजतोय. केसभर हलला असता तर मी काही म्हटलं नसतं. संपला हा टर्बो. आता इंजिनात हवा कोण कोंबणार?

धाकटा : दोन लाख सोळा हजार किलोमीटर झालेत गाडीला. म्हातारी झालीय. कधीतरी जायचाच.

ताई : म्हातारी माणसंही जपली तर टिकतात. नर्सबाईंनी ही जुनी गाडी घेतली तेव्हाच सव्वा लाख पळालेली होती. त्यानंतर सात वर्षं मी तिला साधं खोकू दिलं नाही. दर पाच हजारांना तेल, तेलासोबत फिल्टर. टर्बोला दुसरं लागतं काय? त्याचा दांडा स्वच्छ तेलावरच फिरतो.

धाकटा : तेल बदललेलंच आहे की. बॉनेटच्या आतून बघ ना. एक लाख अठ्ठ्याण्णव हजार, दोन लाख तीन, दोन आठ, दोन तेरा. पांढऱ्या रंगात आकडे आणि प्रत्येकाखाली दोन टिंबं. तुझीच खूण.

ताई : खूण माझी, हात तुझा. एक लाख अठ्ठ्याण्णवचा आकडा तेवढा मी लिहिला. पुढचे तिन्ही तुझे, मी घरी आजारी बाबांपाशी होते तेव्हाचे.

धाकटा : तूच म्हणाली होतीस, मी येत नाही हे गिऱ्हाइकांना कळू देऊ नकोस, माझी खूण करत जा.

ताई : म्हणाले होते. काम करून खूण कर, असं म्हणाले होते.

धाकटा : म्हणजे?

ताई : हा फिल्टर आत्ता तुझ्यासमोर काढला. थांब, पुसते. फिल्टर बसवताना मी त्यावरही आकडा टाकते, ते तुला ठाऊक नव्हतं. वाच. शाळेत वाचनात पहिला होतास ना?

धाकटा : एक लाख अठ्ठ्याण्णव.

ताई : अक्षर कुणाचं?

धाकटा : तुझं.

ताई : अठरा हजार किलोमीटर एकाच तेलावर पळवलीस तिला. तेल कुठलं, डांबर झालंय त्याचं. टर्बोला तेल नेणारी नळी तारेने टोकरली तरी मोकळी होईना. का केलंस असं?

धाकटा : तो खालचा पत्रा गं. तेल काढायचं तर तो उतरवावा लागतो. आठ बोल्ट, त्यातले दोन गंजलेले. पहिल्या खेपेला एक फिरेचना. बाहेर टॅक्सीवाल्यांच्या चार गाड्या उभ्या, सगळे डोक्यावर बसलेले. म्हटलं आत्ता वरून थोडं तेल घालू, पुढच्या वेळी बघू.

ताई : आणि पुढच्या वेळी?

धाकटा : पुढच्या वेळी गाडी मस्त चालत होती.

ताई : एका बोल्टापायी! अरे, आदल्या दिवशी गंजाचं तेल मारून ठेवलं की पोरसुद्धा फिरवेल तो बोल्ट.

धाकटा : चुकलं. नाक घासू? पण बाई आता येतील, त्यांना काय सांगायचं ते ठरवू.

ताई : त्यात ठरवायचं काय?

धाकटा : लांबून आल्यावर गरम इंजिन लगेच बंद केलंत, म्हणून टर्बो गेला. हे सगळ्यांना पटतं. आणि तसं खोटंही नाही, होतो त्याने खराब.

ताई : त्यांना सांगणार हे? बंद करण्याआधी दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवा, असं मी एकदा सांगितलं, तेव्हापासून त्या घड्याळ बघत गाडीत बसतात. दारात येऊन बसून राहतात. नवरा खिडकीतून ओरडतो, घरात येणार आहेस की तिथेच अंथरूण टाकू?

धाकटा : एखाद्या वेळी विसरल्या असतीलच. माणूसच आहेत.

ताई : आणि त्या विश्वास ठेवतील. स्वतःलाच बोल लावत बसतील. चोर सोडून संन्याशाला फाशी!

धाकटा : मग काय, दवंडी पिटू? टॅक्सीवाल्यांच्या कानावर गेलं तर उद्यापासून माश्या मारत बसावं लागेल. बाबांनी उभं केलेलं गॅरेज आहे हे. त्यांना काय वाटलं असतं?

ताई : बाबांचं नाव काढू नकोस. आठ महिने त्यांना कुशीवर मी वळवलं, अंग मी पुसलं. आणि गॅरेजच्या कागदावर अंगठा उठला तो तुझ्या नावे.

धाकटा : मी मागितलं नव्हतं ते.

ताई : नकोही म्हणाला नाहीस. ते जाऊन महिना झाला नाही तर तुझ्या नावाची नवी पाटी. तीही माझ्याच डब्यातला पांढरा रंग नेऊन.

धाकटा : म्हणजे त्याचा सूड घेणार तू आता.

ताई : सूड घ्यायचा असता तर पाटीला काळं फासलं असतं. पाटी तुझी, जागा तुझी, हत्यारं तुझी. बरं, घे. माझं म्हणायला इथे या दोन टिंबांशिवाय काही नव्हतं रे. तीही तू वापरून टाकलीस.

(नर्सबाई आत येतात. अंगावर दवाखान्यातलाच गणवेश.)

नर्सबाई : आले बाई एकदाची! दोन बस बदलल्या. काय निघालं? बारीकसारीकच आहे ना? परवापासून माझी पहाटेची पाळी, तेव्हा बस नसते.

धाकटा : बाई, टर्बो गेलाय. कसं असतं, इंजिन गरम असताना...

नर्सबाई : अगं आई! म्हणजे माझंच चुकलं. मागच्या महिन्यात ह्यांना चक्कर आली होती, मी आले तशी गाडी बंद करून आत धावले. दोन मिनिटं नाही थांबले. त्यानेच ना?

धाकटा : होऊ शकतं त्याने.

ताई : नाही होत. एकदा बंद केल्याने काही होत नाही. बाई, तुमच्या गाडीचं तेलच बदललेलं नाही. तीन वेळा.

नर्सबाई : असं कसं? मी दर वेळी तुमची टिंबं बघूनच गाडी नेते.

ताई : टिंबं आहेत. तेल जुनंच आहे.

नर्सबाई : तुमच्या हातून झालं हे? ताई, तुमच्या?

धाकटा : बाई, खरं म्हणजे ताई तेव्हा...

ताई : तू गप्प बस. खूण माझी होती. मी नसताना दुसऱ्याला करू दिली. ती चूक माझीच.

नर्सबाई : दुसऱ्याने दिलेल्या औषधावर मी सही करत नाही हो. कितीही घाई असो.

ताई : खरं आहे तुमचं. नवा टर्बो, नळ्या, तेल, सगळं मी बसवून देते. तुम्हाला काही पडणार नाही.

धाकटा : कुणाला विचारून?

ताई : पाटीवाल्याला विचारून. काय हो पाटीवाले, हरकत आहे?

धाकटा : नाही.

नर्सबाई : किती दिवस लागतील?

ताई : दोन.

नर्सबाई : मग मी दोन दिवस रजा टाकते. ते स्टूल द्या इकडे. सात वर्षांत कधी बसले नव्हते, किल्ली दिली की निघायची. आता बसते. तेल ओताल तेव्हा मला बघायचंय.

ताई : तिथे नका बसू, बाई. इकडे या. इथून खालचं सगळं दिसतं.