गौरीचा दाखला

त्या दाखल्याचं तर तुमाला सांगायचंच राहिलं. आमच्या गौरीला ऐकू येत न्हाई. गावच्या शाळेत लेकरू एकटं पडायलंय असं वाटून तिला परभणीच्या मूकबधिर शाळेत घालायचं ठरवलं. पेटीसुद्धा भरली. दाखला मागायला गेलो, तर मॅडम माझ्यावरच भडकल्या.

"तुमच्या पोरीनं अख्खी चौथी बिघडवली!"

"काय केलं तिनं?"

"सगळ्यांना हाताच्या खुणा शिकवल्या. परीक्षेत वर्ग चिडीचूप, अन् पोरं हातांनीच एकमेकांना उत्तरं सांगतात!"

मला हसू आवरंना. मनावरचं सगळं ओझं उतरलं. तरी इचारलं, "मग दाखला, मॅडम?"

"दाखला-बिखला काही मिळणार नाही. आधी तिला म्हणावं, मला त्या खुणा शिकव. कॉपी पकडायचीय!"