व्याह्यांनी वाचवलेली वीज

अमेरिकेत मिनेसोटाच्या कडाक्याच्या थंडीत पेट्रोलच्या गाडीला विजेची वायर कशाला, असं कुणी विचारलं की मी आमच्या व्याह्यांचं नाव घेतो.

सुनेचे वडील महिनाभर आमच्याकडे होते. माणूस खोलीतून उठला की हे मागून दिवा बंद करणार आणि वर मलाच ऐकवणार, "तुमच्या घरात विजेला कुणी वाली नाही." कधी एकदा जातात असं मला झालं होतं.

जायच्या दिवशी सकाळी पोरानं गाडीला चावी मारली. गाडी नुसती कण्हली आणि गप्प झाली. बघतो तर रात्री गाडीला लावलेली विजेची वायर बर्फात पडलेली.

"प्लग कुणी काढला?" मी विचारलं.

"मी," व्याही म्हणाले. "भिंतीला बटनच सापडेना, मग उपटला. पेट्रोलच्या गाडीला रात्रभर वीज कशाला हो?"

"अहो, पेट्रोल नाही गोठत. इंजिनातलं ऑइल तुपासारखं थिजतं. बॅटरी पण गारठलेली, ती इंजिन फिरवणार कशी? म्हणून रात्रभर हीटर लावून इंजिन कोमट ठेवायचं."

"मग आता?"

"आता प्लग लावा आणि बसा."

इंजिन कोमट होईस्तोवर विमान निघून गेलं. पुढचं तिकीट आठ दिवसांनंतरचं मिळालं. व्याही खुशीत म्हणाले, "चला, तेवढाच सहवास."

त्या खेपेला आदल्या रात्रीच मी प्लग भिंतीला टेपनं गुंडाळून पक्का केला. पोरगा हसला, "बाबा, गाडीची एवढी काळजी?"

"गाडी गेली खड्ड्यात," मी म्हणालो. "व्याही निघाले पाहिजेत."