जरबेराची सोडणं

माझ्या जरबेराचं काय झालं, सांगितलं का तुम्हाला? पहिल्यांदाच कळ्या धरल्या होत्या. कुंड्यांत मातीऐवजी नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, तुकडे करून भरलेली. गुहागरला माहेरी निघताना सासूबाईंना बजावलं, "आई, कुंडी वरून सुकी दिसली तरी आधी बोट घालून बघा. आत ओल असली तर पाणी नको."

रोज फोन करायचे. "आई, आत ओल आहे?"

"आहे गो अजून!" आवाजात काळजी. मी मात्र खूश.

चौथ्या दिवशी परतले, तर झाडं परसात मातीत लावलेली आणि सोडणं अंगणात उन्हात पसरलेली.

"कुंडीत वाळेचनात, मग काढली बाहेर. एवढं चांगलं जळण कुजलं असतं," सासूबाई म्हणाल्या. "आता बघ कशी खडखडीत झाल्येत! दमून आल्येस, थांब, तुझ्या आंघोळीचं पाणी तापवते."