दोन्ही बाह्या डाव्या

(दवाखान्यातली खोली, सकाळची वेळ. शिंपी खाटेवर उशीला टेकून बसलाय. बायकोच्या हातात औषधाची बाटली.)

बायको: …आणि कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्यात.

शिंपी: काहीतरीच. अख्खा जन्म मशीनवर गेला माझा.

बायको: गिऱ्हाईक कोट घालून बघायला आलं, तर त्यालाच म्हणालात, तुमचा हात उलटा आहे.

शिंपी: असं म्हणालो?

बायको: बिचारा स्वतःचा हात निरखत बसला.

शिंपी: हसू नकोस. मला काही म्हणजे काही आठवत नाहीये.

बायको: कसं आठवेल? डॉक्टरीणबाई सांगत होत्या, यकृत थकलं की रक्तातली घाण निघत नाही, ती मेंदूत जाते. तिथे निरोप पोचवणारी रसायनं असतात, डोपामिन का काय, त्यांचा सगळा घोळ होतो. मग माणूस दिवसा झोपतो, हात फडफडतात, भलतंच बोलतो. म्हणून तर हे औषध. पोट साफ राहिलं की डोकं ठिकाणावर.

शिंपी: पोट साफ म्हणे. अगं, माप घेता घेता फीत गिऱ्हाइकाच्या गळ्यात टाकून पळावं लागतं मला. घटकेघटकेला. लोक काय म्हणतील?

बायको: म्हणून बाटली चिंध्यांच्या गाठोड्यात लपवलीत. वर मला सांगायचं, घेतलं, घेतलं.

शिंपी: चुकलं माझं.

बायको: लबाडी म्हणतात याला.

शिंपी: बरं बाई, लबाडी. तुला काही वेडंवाकडं बोललो का? खरं सांग.

बायको: ओळखलंच नाहीत मला.

शिंपी: तुला?

बायको: ‘अहो बाई’ म्हणालात. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा एवढा मान मिळाला.

शिंपी: थट्टा पुरे. घाबरलीस ना?

बायको: घाबरले. वाटलं, माणूस समोर बसलाय, पण आपलं माणूस गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या खेपेला वेळेवर आणलंत. पुन्हा औषध चुकवलं, तर असे परत मिळतीलच याची खात्री नाही.

(शिंपी भिंतीकडे तोंड फिरवतो.)

बायको: तिकडे भिंतीकडे काय बघताय?

शिंपी: काही नाही. आणखी काय म्हणालो मी, त्या ‘अहो बाईं’ना?

बायको: माझा हात घट्ट धरलात. हळूच म्हणालात, ‘बाई, मला काहीतरी होतंय. पण आमच्या घरी कळवू नका. बायकोचा जीव थोडा थोडा होतो हो.’

शिंपी: भर ते औषधाचं झाकण. काठोकाठ भर.