कॅसेटवरची चिकटपट्टी

मनस्वी : काका, तिसऱ्यांदा सांगतेय, बसा. तुम्ही अशा येरझाऱ्या घालताय की मलाच टेन्शन येतंय.

कमळाकर : मग बंद कर ते. लग्न चार दिवसांवर आलंय आणि नवरी मुलगी कसली किरकिर ऐकत बसलीय!

मनस्वी : ही किरकिर आजीच्या कॅसेटवर आहे. लेबलवर बाबांचं अक्षर, ‘आईचे धवले, १९८७’. गव्हाणच्या घराचा माळा आवरताना तुमच्या पत्र्याच्या पेटीत सापडली. म्हटलं, हळदीला ही लग्नाची गाणी आजीच्याच आवाजात लावू, आईला सरप्राइज. आणि आत बघा, दोन्ही बाजूंना किर्रर्र.

कमळाकर : जुनी टेप. खराब झाली असेल.

मनस्वी : माझा मित्र मितेश म्हणाला, खराब नाही. पूर्वी घरच्या कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम कॅसेटवर भरून ठेवायचे, त्याचा आवाज असाच असतो म्हणे. त्याने एम्युलेटर टाकून दिलाय. म्हणजे हा लॅपटॉप त्या जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेतो. पण दोनदा एरर आली.

कमळाकर : येणारच. सोड आता.

मनस्वी : एकदाच बघते, शेवटचं.

कमळाकर : अगं, आवाज एवढा बारीक ठेवून कसं घेईल? वाढव. अजून. आणि सुरुवातीची लांब शिट्टी कापलीस ना? ती कापायची नाही. त्या शिट्टीवरच तर ते जागं होतं.

मनस्वी : तुम्हाला कसं माहीत?

कमळाकर : ऐकलंय कुठेतरी.

मनस्वी : काका, स्क्रीनवर पट्टे आले! निळे-पिवळे! घेतंय!

कमळाकर : पाच मिनिटं लागतील. वहिनी कधी येणारे?

मनस्वी : शिरढोणला आमंत्रणं द्यायला गेलीय, येईलच. आणि पाच मिनिटं कशाला? हे बटण दाबलं की फास्ट होतं.

कमळाकर : नको, थांब... झालं पण? आम्ही श्वास धरून बसायचो गं. कोणी जिना चढला तरी ओरडायचो.

मनस्वी : ‘मिठागर. के. घरत, १९८८.’ के. घरत म्हणजे तुम्हीच ना?

कमळाकर : हो, मीच.

मनस्वी : म्हणजे आजीची गाणी तुम्ही पुसलीत?

कमळाकर : ऐकून तर घे. जहाजावरच्या मामेभावाने तो कॉम्प्युटर आणला होता. टीव्हीला जोडायचा. आठ महिने खपलो या गेमवर. माणूस डोक्यावरून मीठ वाहतो, भरती यायच्या आत ढिगावर टाकायचं. ज्या दिवशी पुरा झाला, त्या दिवशी लाईट ये-जा करायला लागली. लाईट गेली की सगळं जाणार. भरायला कॅसेट नाही. टेपमध्ये होती तीच वापरली. घाईत लेबल दिसलं नाही. चुकून झालं, मनू.

मनस्वी : आणि कॅसेट आईनेच हरवली म्हणून आजी तिला बोलली, तेव्हा का नाही सांगितलंत?

कमळाकर : उद्या सांगतो, उद्या सांगतो म्हणत राहिलो. मग आई गेली.

मनस्वी : आजीने आईला एकही धवला शिकवला नाही, काका. गावातली सगळ्यात मोठी धवलारीण, आणि तिच्या सुनेच्या घरात लग्नाची गाणी म्हणायला मी बाहेरची बाई ठरवलीय.

कमळाकर : ‘जिला कॅसेट सांभाळता येत नाही, ती गाणी काय सांभाळणार?’ बोलली ती बोलली. शब्द मागे घ्यायची आमच्या आईला सवयच नव्हती. ते बंद कर गं. लिफ्टचा आवाज आला.

वेणू : दार सताड उघडं टाकून बसल्यात! लग्नाचं घर हाय, कोनी बी शिरंल. आनि भावजी, तुमचं तोंड का असं झालंय?

मनस्वी : आई, हे बघ.

वेणू : ही... ही कुठं गावली?

मनस्वी : काका सांगतील.

कमळाकर : वहिनी, माझ्या पेटीत होती. मीच तिच्यावर प्रोग्रॅम भरला. लाईट जात होती, घाईत... चुकून झालं.

वेणू : माजा चष्मा दे गं. या कोपऱ्यावर काय लावलंय?

मनस्वी : चिकटपट्टी. दोन्ही कोपऱ्यांवर आहे.

वेणू : हितं प्लास्टिकची जीभ असते. ती तोडली का वरून दुसरं काय भरता येत नाय, भोकावर पट्टी लावली तरच येतं. मी तोडलेली, डोक्याच्या पिनेनं. सासूबायचा आवाज कोनी पुसू नये म्हनून. भावजी, चिकटपट्टी चुकून लागते?

कमळाकर : नाही.

वेणू : दोन-दोन जागी?

कमळाकर : नाही, वहिनी. लेबल वाचलं होतं मी. मला वाटलं, आई घरातच आहे, उद्या परत गाईल, परत भरून घेऊ. गेम काही परत झाला नसता. मग ती पुन्हा टेपसमोर बसेचना.

वेणू : सदतीस वर्सं! लग्नाघरात धवले लागले का मी उठून चुलीपाशी जायची. बाया बघायच्या. मना वाटायचं, खरंच मीच कुठं ठेवून विसरले. पेट्या उपसल्या, गाद्या उसवल्या. आनि तुमी तितंच बसून माज्या हातचं जेवत होतात!

कमळाकर : चुकलो, वहिनी.

मनस्वी : आई, तू बस जरा. अरे, माझा हात लागला, हे सुरू झालं...

(लॅपटॉपमधून एकेक बीप, अडखळत, चाल धरतो.)

वेणू : थांब. बंद करू नको. ही चाल...

कमळाकर : गेमला गाणं लागतं. मला दुसरं कुठलं येत होतं?

वेणू : हलदीचा धवला. पन चुकलाय. तिसऱ्या ओलीला सूर खाली जातो, तुमी वर नेलाय.

मनस्वी : आई, तुला येतात?

वेणू : सासूबाय भाकऱ्या थापताना गायच्या, न्हाताना गायच्या. भिंतीला कान लावून घेतले. सगले येतान. पन मांडवात गायचं कोनच्या तोंडानं?

कमळाकर : मनूच्या हळदीला गा. मी पाया पडतो तुझ्या.

वेणू : पाया नको. हलदीला सगल्या बाया बसतील, तवा उभं राहून सांगायचं, कॅसेट कोनी पुसली ती. चिकटपट्टीसकट.

कमळाकर : सगळ्यांसमोर?

वेणू : सासूबाय मना पन सगल्यांसमोरच बोललेल्या.

कमळाकर : सांगतो.

मनस्वी : मग मी त्या धवलारीणबाईंना फोन करून नको म्हणून कळवते.

वेणू : नको, राहू दे. आधी भावजी सांगतान का ते बघू.